बंद कारखान्यात वाचनालय, नाटक, गाणं: जागा लोकांची नेमकी कधी होते?

आडगल्ली

ब्राझीलमध्ये साओ पावलो शहरात पिंपं बनवणारा एक जुना कारखाना होता. विटांच्या लांबलचक शेड आणि मधून जाणारी गल्ली. सेस्क नावाच्या संस्थेने तो घेतला आणि तिथे करमणुकीचं, खेळाचं, संस्कृतीचं केंद्र उभं करायचं काम लिना बो बार्दी या वास्तुरचनाकार बाईंकडे सोपवलं. बाई पहिल्यांदा गेल्या तेव्हा रिकामी शेड आणि आतलं काँक्रीटचं सडपातळ काम बघून खूश झाल्या. नंतर एका शनिवारी गेल्या तर तिथे ही गर्दी! पोरं धावतायत, गळक्या छपरातून साचलेल्या पाण्यात फुटबॉल चाललाय, आया दाराशी मांस भाजतायत, शेजारी बाहुल्यांच्या खेळाला मुलांचा गराडा. बाईंनी तिथल्या तिथे ठरवलं की हे जे चाललंय ते असंच चालू राहिलं पाहिजे.

काम १९७७ ला सुरू झालं, जुना भाग १९८२ मध्ये खुला झाला. बाईंनी आपलं कार्यालय कारखान्याच्या आवारातच थाटलं होतं. मोठ्या शेडमधल्या भिंती काढल्या, जमिनीत नदीसारखा वळणावळणाचा उथळ पाण्याचा पाट काढला, एक शेकोटी केली, वाचायला जागा केली, आणि बाकी जागा मोकळी सोडली. मोकळी म्हणजे खरंच मोकळी. बसा, झोपा, पत्ते खेळा. खेळाच्या इमारतीसाठी आवारात उरलेल्या जागेखालून ओढा जात होता, त्यावर बांधकाम करता येईना. मग दोन बाजूंना काँक्रीटचे दोन मनोरे आणि वरून त्यांना जोडणारे पूल. ओढ्यावर लाकडी फळ्यांची वाट टाकली, लोक तिथे उन्हात पडून राहतात.

गेले काही महिने मी अशा जागांबद्दल मिळेल ते वाचतेय. माझं मत असं बनत चाललंय की नकाशा निघायच्या आधीच जागेचं काय होणार ते ठरून गेलेलं असतं. बंद आणि खुली यांच्यामधल्या काळात तिथे कोण वावरत होतं, आणि काम सुरू झाल्यावर त्यांना बाहेर काढलं की आत ठेवलं, यावरच सगळं अवलंबून आहे. इमारत कितीही देखणी केली तरी ही चूक नंतर भरून निघत नाही.

तुम्हाला काय वाटतं? पाहिलेल्या जागांबद्दल लिहिलंत तर उत्तम.

उंटावरचा

वाचनखूण साठवली. एकच सांगतो: आत फुकट बसायला बाक, प्यायला पाणी आणि स्वच्छ मुतारी असेल तर जागा लोकांची. नसेल तर कितीही शिल्पं ठेवा.

शंकासुर

आडगल्ली ताई, गोष्ट गोड आहे. पण ती अपवाद म्हणून गोड आहे. बाकी ठिकाणी क्रम ठरलेला असतो. कारखाना बंद पडतो, जागा पडीक, भाडं नगण्य. चित्रकार-शिल्पकार येतात, कारण उंच छत आणि भरपूर उजेड त्यांना दुसरीकडे परवडत नाही. मग त्यांच्यामागून कॅफे येतात, कॅफेमागून मासिकातले फोटो, फोटोंमागून बिल्डर. बीजिंगचं ७९८ घ्या. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीच्या मदतीने बांधलेला इलेक्ट्रॉनिक सामानाचा कारखाना. करवतीच्या दातांसारखी छपरं, उत्तरेकडून येणारा एकसारखा उजेड. २००० नंतर कलावंत शिरले, कमानींवर रंगवलेल्या माओच्या घोषणा तशाच ठेवून त्याखाली चित्रं लावली. एकेकाळी ते सगळं पाडायचं घाटत होतं, वाचलं ते कलावंतांमुळे. आणि नंतर भाडी वाढल्यावर त्यांच्यातलेच कितीतरी बाहेर पडले. जागा वाचवणाऱ्यालाच जागा परवडेना.

लंडनचं बॅटरसी वीजकेंद्र तर त्याहून पुढचं. १९८३ ला बंद पडलं, मालक बदलत राहिले, बेत बुडत राहिले. शेवटी २०२२ मध्ये उघडलं तेव्हा आत काय? दुकानं, महागडे फ्लॅट, ॲपलचं कार्यालय. त्या चार प्रसिद्ध चिमण्याही मूळच्या नाहीत. खराब झाल्या म्हणून उतरवून हुबेहूब नव्या बांधल्या, आणि त्यातल्या एकीतून तिकीट काढून लिफ्टने वर जाता येतं. आता याला संस्कृती म्हणायचं असेल तर म्हणा.

आडगल्ली

@शंकासुर, क्रम मान्य. पण तो आपोआप घडत नाही, मालकीतून घडतो. हेलसिंकीची केबल फॅक्टरी बघा. नोकिया तिथून केबलचं काम हलवत होती, तेव्हा १९८० च्या दशकाच्या शेवटी रिकाम्या मजल्यांवर कलावंत भाडेकरू म्हणून आले. पुढे तिथे काय करायचं यावर शहराचे वेगळे बेत होते. भाडेकरूंनी संघटना काढली, स्वतःचा पर्यायी आराखडा मांडला, आणि १९९१ मध्ये इमारत शहराच्या मालकीच्या एका कंपनीकडे गेली. ती कंपनी भाड्यावर चालते आणि जागा नर्तक, वादक, चित्रकार, छोट्या शाळा, संग्रहालयं अशा लोकांनाच देते. २०२२ मध्ये तिथेच नृत्यासाठी नवं नाट्यगृह जोडलं गेलं. तीसेक वर्षं झाली, कॅफे आहे, पण कॅफेने कारखाना गिळला नाही.

सेस्कचंही तेच. ब्राझीलमध्ये व्यापार-सेवा क्षेत्रातल्या मालकांना पगाराच्या दीड टक्का रक्कम त्या संस्थेला द्यावीच लागते. म्हणजे दर वर्षी पैसा येतो, कुणा उदार माणसाची मर्जी सांभाळावी लागत नाही. वास्तुरचनेवर पानंच्या पानं लिहिली जातात, या दीड टक्क्यावर कुणी ओळ लिहीत नाही.

घुमट

मी आवाजाच्या क्षेत्रातला. अशा जागांचं उद्घाटन झालं की तीन महिन्यांनी आमच्यासारख्यांना फोन येतो, "काहीच ऐकू येत नाही हो!" आधी कुणी विचारत नाही.

हिशोब अगदी साधा आहे. ६० मीटर लांब, २० रुंद, १२ उंच अशी शेड घ्या. घनफळ १४,४०० घनमीटर. भिंती, फरशी, छत मिळून ४,३२० चौरस मीटर. काँक्रीट, वीट, पत्रा आणि काच आवाज जवळपास शोषतच नाहीत, सरासरी पाच टक्के धरा, म्हणजे शोषण २१६ चौरस मीटर. आवाज विरायला किती वेळ लागतो ते सांगणारं सबाइनचं सूत्र लावा: ०.१६१ गुणिले घनफळ भागिले शोषण. उत्तर येतं साधारण पावणेअकरा सेकंद. टाळी वाजवली तर ती पूर्ण विरायला पावणेअकरा सेकंद! बोललेलं समजायला हा वेळ एक सेकंदाच्या आसपास हवा. चारशे माणसं आत बसवलीत तरी (माणूस अंदाजे अर्धा चौरस मीटर शोषतो) साडेपाच सेकंदांवर येऊन अडतं. घुमणाऱ्या जागेत समूहगान किंवा एकटी बासरी स्वर्गीय वाटते. भाषण, नाटक, ढोलकी, सगळ्याचा लगदा होतो.

दोन उपाय. एक, वरून जाड पडदे, खनिज लोकरीचे पट्टे टांगायचे. पण मग जुनं छत झाकलं जातं आणि वास्तुरचनाकार रुसतात. दुसरा मला आवडतो: मोठ्या शेडच्या आत वेगळी बंद खोली बांधायची, मूळ भिंतींना हात न लावता. आवाज सुधारतो, आणि गरम किंवा थंड करायची हवाही तेवढ्या खोलीचीच. अख्खी शेड वातानुकूलित करायला गेलात तर विजेच्या बिलातच संस्था बुडेल.

तिसरी घंटा

घुमट, +१०००! आम्ही एका रूपांतरित शेडमध्ये प्रयोग केला होता (नाव सांगत नाही). तालमीला रिकामी शेड, प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येत होता. प्रयोगाला सगळ्यांना दमाने बोलायला लावलं, तर नाटक पंधरा मिनिटांनी लांबलं.

पण एक गोष्ट कारखान्यात मिळते ती कुठल्याच नव्या नाट्यगृहात मिळत नाही. ट्रक सरळ आत येतो. नेपथ्य तुकडे न करता रंगमंचापर्यंत. जमीन यंत्रांचं वजन सोसायला बांधलेली, त्यामुळे कितीही जड पातळ्या लावा. वर यारीचे (क्रेनचे) गर्डर असतात, दिवे टांगायला आयते. (मात्र कुणीतरी अधिकृत माणसाने ते तपासून कागद द्यायला हवा. "पूर्वी पाच टन उचलायची" हे पुरेसं नाही, गंज लागलेला असतो.)

आणि आडगल्ली, तुमच्या त्या बाईंच्या नाट्यगृहाबद्दल मी ऐकलंय. मधे रंगमंच, दोन्ही बाजूंना प्रेक्षक, आणि खुर्च्या लाकडी, गादीशिवाय! प्राचीन नाट्यगृहांत तरी कुठे गाद्या होत्या, असं बाईंचं म्हणणं. दोन अंकी नाटकाला मी तिथे बसणार नाही. सॉरी.

मुरूम

एवढी चर्चा छताची आणि भिंतींची. जमिनीखालचं कुणी बोलेल म्हणून वाट बघत होतो.

मी माती-पाण्याच्या प्रदूषणावर काम करतो. जुन्या कारखान्याच्या आवारात पहिला खर्च इथे होतो, आणि दिसत मात्र काहीच नाही. कोळशापासून गॅस बनवायच्या कारखान्यात डांबर, बेंझीन, सायनाइडची संयुगं. कातडी कमावायच्या ठिकाणी क्रोमियम. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी नावाची विषारी रसायनं. पाइपांवरच्या आणि छपरातल्या ॲस्बेस्टॉसला तर अंगावर विशेष कपडे घालूनच हात लावायचा. शिशाचा रंग खरवडला की धूळ होते आणि तीच सगळ्यात घातक.

सिएटलच्या गॅस वर्क्स पार्कची कथा सांगतो. गॅसचा कारखाना १९५६ ला बंद पडला. रिचर्ड हाग या उद्यानरचनाकाराने मनोरे-टाक्या पाडू दिल्या नाहीत, उलट त्यांच्याभोवती उद्यान केलं, १९७५ मध्ये खुलं झालं. माती सगळी उचलून नेण्याऐवजी तिच्यातल्या जंतूंकडूनच तेल-डांबर खायला लावायचा त्यांचा प्रयोग त्या काळात फारच धाडसी होता. आणि तरीही १९८४ मध्ये मातीतल्या प्रदूषणाच्या भीतीने उद्यान काही काळ बंद ठेवावं लागलं. आजही तिथे काठावरून तळ्यात उतरायला बंदी आहे. म्हणजे पन्नास वर्षं झाली तरी काम संपलेलं नाही.

अॅमस्टरडॅमच्या वेस्टरगासफाब्रीक या जुन्या गॅस कारखान्यात दुसरी गंमत झाली. माती साफ करायचा निर्णय आणि पैसा यायला वेळ लागणार होता. तोवर इमारती मेळे, नाटकं, गाणी यांना तात्पुरत्या दिल्या. १९९० चं दशक तसंच गेलं. २००३ मध्ये उद्यान झालं तेव्हा लोकांना जागेची सवय आधीच लागलेली होती. आडगल्लीचा मुद्दा इथे बरोबर बसतो, फक्त यामागे कुणाचं तत्त्वज्ञान नव्हतं, डांबर होतं!

आडगल्ली

@मुरूम, मस्त प्रतिसाद. जर्मनीतल्या ड्यूसबुर्गच्या उद्यानाबद्दलही लिहा ना. तिथे माती जागेवरच ठेवली असं वाचलं.

मुरूम

हो. लोखंडाचा कारखाना १९८५ ला बंद झाला, पेटर लाट्स यांनी आराखडा केला, १९९४ पासून लोकांसाठी खुला आहे. त्यांनी जास्त घाण माती जुन्या बंकरमध्ये कोंडून वरून झाकली आणि बाकी ठिकाणी जे उगवेल ते उगवू दिलं. परदेशातून आलेल्या खनिजाबरोबर बियाही आल्या होत्या, त्यामुळे रुळांच्या कडेला चित्रविचित्र झाडं आहेत. गॅसच्या टाकीत पाणी भरलं, तिच्यात लोक पाणबुड्यांसारखे पोहायला शिकतात. खनिज साठवायच्या बंकरांच्या भिंतींवर गिर्यारोहक चढतात. भट्टीच्या वरपर्यंत जिन्याने जाता येतं. फाटक नाही, तिकीट नाही, रात्रीही उघडं. @उंटावरचा, मुतारी आहे.

उंटावरचा

मग विषय संपला.

भोंगा

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहावंसं वाटलं. मी साचाखात्यात, म्हणजे मागांवर, एकतीस वर्षं काढली. कापडाची गिरणी. आता तिथे काय आहे ते सांगत नाही, पण ज्या तऱ्हेचं तुम्ही बोलताय तसलंच काहीसं आहे.

उजेड, उंच छत, सुंदर विटा, हे सगळं आम्ही कधी पाहिलंच नाही हो. खिडक्या बंद असायच्या, कारण हवा कोरडी झाली की सूत तुटतं. दमट ठेवायचे मुद्दाम. कापसाची पिंज नाकात, केसात, डब्यात. आणि आवाज! शेजारच्याला हाक मारून ऐकू जायचं नाही. आम्ही ओठांवरून बोलणं ओळखायचो आणि खुणा करायचो. घरी गेल्यावर बायको म्हणायची, ओरडताय कशाला. घुमट साहेब, तुमचे पावणेअकरा सेकंद ठीक आहेत, पण शंभर साचे एकदम चालू असताना तुमचं सूत्र काय सांगतं ते बघा.

तिथे आता एक साचा ठेवलाय. काळा चकचकीत रंग दिलाय, पुढे दोरी, पाटी "हात लावू नये". ज्याला हात लावला नाही तर पगार कापायचे, त्यालाच हात लावायचा नाही. आडवं सूत नेणारा धोटा तर उलटा बसवलाय. सांगायला गेलो तर पोरगी म्हणाली, काका, ते फक्त सजावटीसाठी आहे.

शंकासुर

भोंगा काका, हा धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद. मी माझे शब्द थोडे मागे घेतो. मी भाड्याबद्दल बोलत होतो. तुम्ही बोलताय ते त्याच्याही आधीचं आहे.

आडगल्ली

काका, लिहीत राहा. तुमच्या साच्यावरून अमेरिकेतल्या लोवेलची आठवण झाली. तिथल्या बूट गिरणीच्या संग्रहालयात एका खोलीत ८८ यंत्रमाग मांडलेत. रोज त्यातले मोजकेच चालवतात, तरी आत जाताना कानात घालायला बोळे देतात. मजला थरथरतो. सगळे ८८ चालू असताना काय होत असेल याचा अंदाज तिथे पहिल्यांदा येतो, असं लोक लिहितात.

आणि जर्मनीत एसेन शहरातल्या झोलफराइन कोळसा खाणीत एक चांगली गोष्ट आहे. १९८६ च्या डिसेंबरात खाण बंद झाली. २००१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, २०१० मध्ये कोळसा धुवायच्या प्रचंड इमारतीत रूर भागाचं संग्रहालय उघडलं. पण जागा दाखवायला खाणीत काम केलेली माणसंही असतात. कोळसा कुठून यायचा, कुठल्या पट्ट्यावर दगड वेगळे व्हायचे, कुठे बोटं जायची, हे ती सांगतात. अर्थात ती माणसं म्हातारी होतायत. त्यांच्यानंतर काय, हा प्रश्न आहेच.

फोल्क्लिंगनच्या पोलाद कारखान्याबद्दलही वाचलंय. १९९४ मध्ये जागतिक वारसा. नाझी काळात तिथे परदेशी माणसांकडून सक्तीने काम करून घेतलं जायचं. क्रिस्तियां बोल्तान्स्की या कलावंताने त्या वेठबिगारांच्या आठवणीसाठी तिथे कायमची मांडणी केली. जुन्या कारखान्याला नुसतं "वैभव" म्हणणाऱ्यांनी हे पाहावं. तिथे कौतुक आणि शरम एकाच छताखाली ठेवलीत.

तिसरी घंटा

थोडं अवांतर, पण मला सगळ्यात आवडलेली कल्पना रोमची आहे. मोन्तेमार्तिनी वीजकेंद्र, १९१२ सालचं. १९९७ मध्ये दुसऱ्या संग्रहालयाची डागडुजी चालू होती म्हणून तिथल्या प्राचीन मूर्ती तात्पुरत्या इथे आणल्या. काळ्या डिझेल इंजिनांसमोर पांढऱ्या संगमरवरी देवता. लोकांना ते इतकं भावलं की मूर्ती तिथेच राहिल्या. इंजिन झाकलं नाही, की मूर्तीसाठी भिंत रंगवली नाही. आपण कलाकृतीसाठी मागची भिंत पांढरी करायच्या मागे लागतो, आणि जुन्या इमारतीतलं सगळं काही पुसून टाकतो.

शंकासुर

तिसरी घंटा, सहमत. पण उलटंही बघा. केप टाउनच्या झाइट्झ संग्रहालयात जुन्या धान्य कोठाराच्या ४२ काँक्रीट नळ्या आतून कापून भव्य पोकळी केली, तिचा आकार धान्याच्या एका दाण्यावरून घेतला. २०१७ मध्ये उघडलं. दृश्य अप्रतिम आहे, नाकारत नाही. पण वरच्या मजल्यांवर आलिशान हॉटेल आहे. धान्याच्या कोठारात आता नक्की काय साठतंय?

आणि लंडनच्या टेट मॉडर्नबद्दलही एक गंमत. बँकसाइड वीजकेंद्र १९८१ ला बंद, २००० मध्ये संग्रहालय, टर्बाइनचं दालन सगळ्यांना फुकट. आजूबाजूला फ्लॅट उभे राहिले. २०१६ मध्ये संग्रहालयाने नवीन इमारत जोडली, वर चहूबाजूंनी शहर दिसणारा सज्जा. मग समोरच्या काचेच्या फ्लॅटवाल्यांची तक्रार: लोक आमच्या घरात बघतात! २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फ्लॅटवाल्यांच्या बाजूने निकाल दिला. संग्रहालयामुळे भागाला भाव आला, भावामुळे फ्लॅट आले, आणि फ्लॅटमुळे लोकांच्या सज्जावर बंधन. आडगल्ली ताई, तुमच्या शनिवारच्या फुटबॉलवाल्या पोरांना कुठल्या न्यायालयात जाता येतं?

आडगल्ली

प्रश्न बोचरा आहे. याच्यावर मला उत्तर नाही, आणि मालकीचा मुद्दाही इथे पुरत नाही, कारण टेट काही बिल्डरचं नव्हतं. म्हणजे आवाराच्या कुंपणाबाहेरही बघायला लागणार. लगतच्या जमिनींवर काय येणार हे आधी ठरवल्याशिवाय आतलं टिकत नाही. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये हे नव्हतं, आता जोडते.

भोंगा काका, एक विचारू? धोटा सरळ कसा बसवायचा ते फोटोवर सांगाल का? मी त्या जागेच्या लोकांना कळवून बघते. फार तर नाही म्हणतील.

भोंगा

फोटोवर कशाला, मी येतो ना. पण दोरी काढायला सांगा आधी.

आणि त्या लाकडी खुर्च्यांबद्दल. आम्ही आठ तास उभे असायचो, साच्यांमधून येरझाऱ्या. बसायला मिळालं तेच खूप, उशी कसली मागताय.

तिसरी घंटा

काका, तुमच्यासाठी पहिल्या रांगेत उशी मी घरून आणीन. नाटक कुठल्याही शेडमध्ये असू दे.